पाया कुठं हाये?

"पोरी, बाकी सगळं झ्याक हाये. पन मले एक सांग, हे घर उभं कायच्यावर हाये? याचा पाया कुठं हाये?"

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. चिखली तालुक्यातलं आमचं गाव, आमची जुनी ओसरी. गावातले मिस्त्री लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून हे विचारत होते आणि समोर बसलेली आर्किटेक्चरची चार पोरं एकमेकांच्या तोंडाकडं पाहत होती. त्या चौघांत एक माझी भाची. पडद्यावर घर होतं, घराला रंग होता, खिडकीला पडदे होते, अंगणात झाड होतं, झाडाची सावलीसुद्धा पडली होती. घराखाली मात्र नुसती हिरवी सपाट चादर. पाया कुणी काढलाच नव्हता.

यावर लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले. आज लिहितो, कारण येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे आणि तिथं मला एक विषय मांडायचा आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी भाचीबद्दल. नाव टाकू नका अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं भाची. ती बी. आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या निम्म्या नातेवाइकांना वाटतं की ती 'इंटेरियर'चं काहीतरी करते. उरलेल्यांना वाटतं, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून तिकडं गेली. दोन्ही खोटं. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेशाला 'नाटा'सारखी वेगळी परीक्षा आहे, आणि शिकतानाच काही महिने एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम करावं लागतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी झाल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. आपल्याकडं मात्र नकाशा काढून देणारा प्रत्येक जण गावासाठी 'इंजिनिअर साहेब' असतो.

या शिक्षणाला लागणारा लॅपटॉप साधा चालत नाही. त्यात वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, रॅम जास्त लागते. दाजींनी तो सोयाबीन विकून घेतला. सोयाबीनला काय भाव होता ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून त्या यंत्राकडं आमच्या घरात जरा आदरानंच बघतात. आजी त्यावर रुमाल टाकून ठेवते.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा सिव्हिलची पोरं टी-स्क्वेअर आणि कागदाच्या नळकांड्या घेऊन हिंडायची. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून त्यांची मान अवघडायची. ऑटोकॅड तेव्हाही होतं, ते १९८२ सालापासून आहे, पण आपल्या भागात ते पोचायला वेळ लागला. स्केचअप २००० साली आलं. मधे काही वर्षं ते गुगलकडं होतं, २०१२ पासून ट्रिंबल कंपनीकडं आहे. भाचीनं मला ते पाच मिनिटांत समजावलं. जमिनीवर चौकोन काढायचा, त्याला माउसनं धरायचं आणि वर ओढायचं. झाली खोली. भिंतीवर चौकोन काढून आत ढकलायचा. झाली खिडकी. मग रेव्हिट दाखवलं. जुन्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. रेव्हिटमधली भिंत म्हणजे खरोखर भिंत: जाडी किती, विटेची की मातीची, हे तिला माहीत असतं. खिडकी मोठी केली की विटांचा हिशोब आपोआप कमी होतो. विद्यार्थ्यांना यातलं बरंचसं फुकट मिळतं. ब्लेंडर तर सगळ्यांनाच फुकट आहे.

हे सगळं बघून मी हरखून गेलो होतो, हे कबूल करतो.

आता ही पोरं गावात का आली ते सांगतो. कॉलेजनं त्यांना एक काम दिलं होतं: जुन्या पद्धतीचं एक घर निवडायचं, त्याचं माप घ्यायचं, नकाशे काढायचे आणि त्रिमिती मॉडेल करायचं. आर्किटेक्चरच्या पोरांना हे करावंच लागतं. काही जण लोणारचं दैत्यसूदन मंदिर मापायला जातात, ताऱ्यासारख्या तळाचं. काही सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात टेप घेऊन फिरतात. भाची म्हणाली, "मामा, आजीचं घरच मापतो ना. देवळाची मापं खूप जणांनी घेतली. आजीच्या घराची कुणी घेतली?"

तिच्या बोलण्यात घाईही होती. आमचं घर धाब्याचं. मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, सागाचे खांब, वर तुळया, त्यावर किलचन, पाला आणि वीतभर माती. घर सहा खणांचं. वाटणीत तीन खण आमच्याकडं आणि तीन चुलतभावाकडं आले. गेल्या पावसाळ्यात एका रात्री चुलतभावाच्या बाजूची मागची भिंत बसली. लेकरं त्या दिवशी पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. त्याला घरकुल मंजूर झालं आणि दिवाळीनंतर त्याचे तीन खण पाडायचे ठरले. म्हणजे घर मापायला हीच शेवटची दिवाळी होती.

चार दिवस पोरं मापत होती. दोघं टेप धरायची, एक लिहायचा, एक फोटो काढायची. पहिल्याच दिवशी त्यांची पंचाईत झाली. संगणकाला सरळ भिंत आवडते, आणि आमच्या घरात एकही भिंत सरळ नाही. खाली सव्वीस इंच, छातीच्या उंचीवर बावीस, वर अठरा. एका पोरानं सरासरी काढून बावीस धरली. भाचीनं त्याला थांबवलं. म्हणाली, "भिंत वर निमुळती होते ती चूक नाही, ती बांधण्याची पद्धत आहे. सरासरी काढली तर घर खोटं होईल." मग रात्री अकरापर्यंत जागून प्रत्येक भिंत तीन तीन ठिकाणी मोजली. मधेच लाइट गेली तर मोबाइलच्या टॉर्चवर.

एक गोष्ट त्यांना फार आवडली. आपल्याकडं घर चौरस फुटात मोजत नाहीत, खणात मोजतात. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. लाकूड जेवढं लांब मिळतं तेवढा खण. पोरांनी संगणकात खणांची जाळी मांडली आणि सगळं घर त्यात जागच्या जागी बसलं. जे माप शोधायला ती झगडत होती ते आजीच्या बोलण्यात आयतंच होतं.

तिसऱ्या रात्री मॉडेल तयार झालं. आजीला खुर्ची दिली, चष्मा दिला, लॅपटॉप पुढं ठेवला. भाचीनं घर गरागरा फिरवलं, छप्पर उचलून बाजूला ठेवलं, आतले खांब दाखवले. आजी बराच वेळ गप्प बघत होती. मग तिनं ओसरीत उभ्या असलेल्या एका बाईकडं बोट केलं. पँट घातलेली, केस कापलेली गोरी बाई. "ही कोन व्हय? आपल्या वसरीत काय करून राहिली?"

झालं असं की घराची उंची लक्षात यावी म्हणून त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात, त्यातलीच ती एक होती. पोरं हसून हसून लोळली. आजी हसली नाही. तिनं पुढचं विचारलं, "मंग मी कुठी हाओ?"

दुसऱ्या दिवशी पोरांनी ती बाई काढली आणि तिथं आजीच्या उंचीची, नऊवारीतली आकृती ठेवली. मग एक गंमत कळली. आजीच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर पाहिलं तर भिंतीतल्या देवळ्या, फडताळ, दिव्याचा कोनाडा, सगळं तिच्या हाताला येतं. ज्यानं ते घर बांधलं त्यानं घरातल्या बाईचा हात कुठवर पोचतो ते पाहिलं होतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग चुलतभाऊ आपल्या घरकुलाचा नकाशा घेऊन आला. "एवढे शिकलेले पोरं आलेत तं हेबी पाहून घ्या."

घरकुलाचं गणित बहुतेकांना माहीत आहे, तरी सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये अनुदान. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं. प्रत्येक टप्प्यावर जागेच्या खुणेसह फोटो काढून अपलोड करायचा, मग पुढचा हप्ता. फोटोत घर वर आलं की झालं. ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे फोटो विचारत नाही.

चुलतभावाचा नकाशा म्हणजे एका पानाची झेरॉक्स होती. नाव पेनानं लिहिलेलं. तीच झेरॉक्स मी घाटाखालीही पाहिली आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचा जिल्हा दोन आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. मे महिन्यात मलकापुरातून राजूर घाट चढून वर आलं की एसटीच्या खिडकीतली हवा बदलते, हे लहान पोरालाही कळतं. झेरॉक्सला कळत नाही.

पोरांनी तो नकाशा तासाभरात मॉडेलमध्ये उभा केला आणि गावाचं ठिकाण टाकलं. स्केचअपमध्ये तारीख आणि वेळ सरकवली की त्या वेळची सावली दिसते. त्यांनी १५ मे, दुपारचे चार लावले. प्लॉटचं तोंड पश्चिमेला आहे, झोपायच्या खोलीची मोठी खिडकीही पश्चिमेलाच. ऊन खिडकीतून आत शिरलं आणि थेट पलंगावर जाऊन पडलं. चुलतभाऊ म्हणाला, "वरून छज्जा काढू की." पोरांनी छज्जा काढून दाखवला. ऊन हललं नाही. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छज्ज्याला जुमानत नाही. मग त्यांनी न्हाणी, शौचालय आणि सामानाची जागा पश्चिमेला घेतली, झोपायची खोली पूर्वेला नेली, आणि पाडायचं ठरलेलं कडुलिंबाचं झाड मॉडेलमध्ये परत उभं केलं. खर्च तोच, विटा तेवढ्याच, चौरस फूट तेवढेच.

चुलतभावानं पहिल्यांदाच आपलं घर आधी पाहिलं. तोवर त्याला नकाशा म्हणजे पंचायतीत जोडायचा कागद वाटत होता. मी वीस वर्षं बातमीदारी करतोय, पण खरं सांगतो, नकाशा मलाही वाचता येत नाही. हे मॉडेल मात्र माझ्या आईनंही वाचलं.

एका पोरानं पुढं जाऊन घरातला उकाडा किती होईल तेही काढायचा प्रयत्न केला. त्याला वर्षभराच्या हवामानाची फाइल लागते. आमच्या गावाजवळची त्याला मिळाली नाही, म्हणून त्यानं अकोल्याची घातली. अकोला तीनशे मीटरच्याही खाली, आमच्यापेक्षा कितीतरी गरम. आलेला आकडा बघून आजी म्हणाली, "एवढं तं आपल्याइथं तापतच नाई." पोरानं फाइल तपासली आणि खाली शेरा लिहिला: हे आकडे घाटाखालचे समजावेत. मला त्या पोराचं कौतुक वाटलं. आपल्याकडं शासकीय अहवालातही इतका प्रामाणिक शेरा सापडत नाही.

दुसऱ्या एकानं मोबाइलवर एआयला सांगून घराचं चित्र करून घेतलं. दिसायला बंगलाच. नीट पाहिलं तर जिना वर जाऊन भिंतीत संपत होता. ते चित्र आम्ही सोडून दिलं.

मग मी एक भावनिक सूचना केली. म्हटलं, धाब्याचं छप्पर एवढं गार राहतं तर नव्या घराला तसंच का नको? भाचीनं लगेच अडवलं. "मामा, किल्लारी विसरलात?" ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती आणि हजारो माणसं अशाच जड माळवदांखाली आणि दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. आम्ही शाळेत होतो, गावातून कपडे आणि धान्य गोळा केलं होतं. छप्पर गार असतं ते त्याच्या वजनामुळं, आणि ते वजनच भूकंपात जीव घेतं. जुनं घर जसंच्या तसं परत बांधा असं ती पोरगी एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली, जाड भिंत, सावली, वारा यांतून काय घेता येईल ते घेऊ. माझ्यापेक्षा तिचे पाय जमिनीवर होते.

पण पुरते नव्हते. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

मिस्त्रींनी आमच्या पंचक्रोशीत चाळीसेक घरं बांधली असतील. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मॉडेल मन लावून पाहिलं, पश्चिमेच्या न्हाणीला मान डोलावली. पायाचं विचारल्यावर एक पोरगा म्हणाला, "काका, पाया जमिनीच्या खाली असतो म्हणून दाखवला नाही."

"खाली असते म्हनूनच त दाखवा लागते," मिस्त्री म्हणाले. "वरचं त सगळ्यायले दिसतेच."

मग त्यांनी सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. ती बाजू नाल्याकडची. वर काळी माती. काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच काळी घराखाली असली तर दरवर्षी घराला वर-खाली करते, आणि भिंत एक दिवस कोपऱ्यातून तिरपी फाटते. चुलतभावाची बसलेली भिंत याच बाजूची होती. आम्ही सगळे पावसाला दोष देत होतो.

मिस्त्रींनी खड्डा घ्यायला लावला. पोरांनीच फावडं धरलं. चार फुटांवर काळी, पाच फुटांवर काळी. पावणेसात फुटांवर मुरूम लागला. झेरॉक्समध्ये पाया तीन फूट लिहिलेला होता. आजीनं त्यात भर घातली. नाल्याचं पाणी एका पावसाळ्यात ओट्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते तिनं काठीनं दाखवलं. पोरांनी तिथं खडूनं रेघ मारली.

भाचीनं कॉलेजच्या सरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेल्या पाइलची पद्धत आहे, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेली. मिस्त्रींनी ती कधी पाहिली नव्हती, आणि पोरांनी खड्ड्यात उतरून मुरूम कधी पाहिला नव्हता. दोघांनी एकमेकांना अर्धा तास विचारून घेतलं. शेवटी खिशाला परवडेल ते ठरलं: कोपऱ्यांवर आणि मधे मुरमापर्यंत खड्डे, वर प्लिंथ बीम, जोतं खडूच्या रेघेपेक्षा वर. पायाचा खर्च वाढला म्हणून पुढचा दिखाऊ स्लॅब आणि फरशीचा हट्ट चुलतभावानं सोडला.

त्या रात्री पोरांनी मॉडेलमधली हिरवी चादर काढली. त्याजागी काळी माती, मुरूम, नाला आणि पाण्याची रेघ आली. घर मातीत रुतलेलं दिसायला लागलं. आदल्या दिवशीच्या चित्राइतकं ते सुंदर नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "आता झालं घर."

पोरं जायच्या दिवशी एक प्रसंग घडला आणि मी ही पोस्ट खरं तर त्यासाठी लिहितोय.

त्यांना बसला सोडायला गेलो. वाटेत एक सार्वजनिक इमारत लागते. कुठली, कुणाची ते मुद्दाम सांगत नाही, कारण अशा इमारती बऱ्याच गावांत सापडतील. पोरांना मापायची चटक लागलेली. त्यांनी दारातला अपंगांसाठीचा रॅम्प मापला. जोतं दोन फूट उंच. नियम असा की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी, म्हणजे रॅम्प चोवीस फूट हवा. तो नऊ फूट होता. भाचीनं मोबाइलवर उतार काढून दाखवला आणि म्हणाली, "मामा, यावरून खुर्ची वर ढकलता येणार नाही. आणि खाली येताना माणूस पडेल."

मी गप्प बसलो. कारण त्या इमारतीच्या उद्‍घाटनाची बातमी मीच केली होती. 'सुसज्ज इमारतीचे थाटात लोकार्पण.' फीत, हार, पाहुण्यांची नावं क्रमानं, काही सुटू नये म्हणून दोनदा तपासलेली. रॅम्प माझ्या फोटोतही आहे. मी तो पाहिला नव्हता. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी चाकाच्या खुर्चीवर असतात. ते कामासाठी तिथं आले की खालीच थांबतात आणि कुणाला तरी वर पाठवतात. हे मला माहीत होतं. मला वाटायचं, त्यांना गर्दी आवडत नाही.

ती इमारतही आधी कुणाच्या तरी संगणकावर बनली असणार. कुणीतरी रॅम्पला माउसनं ओढलं असणार आणि जागा संपली तिथं सोडलं असणार. बांधण्याआधी ते चित्र गावाला दाखवलं असतं, गुरुजींना एकदा विचारलं असतं, तर चोवीस फूट जागा तेव्हा सापडली असती. आता ती फोडाफोड करून शोधावी लागेल.

म्हणून हा विषय फक्त आर्किटेक्चरच्या पोरांचा नाही. गावात अंगणवाडी होते, शाळाखोली होते, समाजमंदिर होतं, पाण्याची टाकी होते. रक्कम किती आणि ठेकेदार कोण, यावर आपण पारावर तासन्‌तास बोलतो. इमारत कशी होणार, ते कुणी बघत नाही, कारण बघायला मिळतच नाही. नकाशा असतो, तो फायलीत असतो, आणि फाइल उघडली तरी रेघा वाचता येत नाहीत. आता ही अडचण राहिलेली नाही. आज कुठलीही इमारत त्रिमितीत दाखवता येते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे. ग्रामसभेत पंधरा मिनिटं पुरतात.

अर्थात चित्र फसवतंही. हायवेलगतच्या प्लॉटिंगच्या जाहिराती पाहा. कुसळं उगवलेल्या माळावर कारंजी आणि पोहण्याचे तलाव दिसतात. तीही याच सॉफ्टवेअरची करामत, आणि त्या जाहिरातींवर आमच्यासारख्यांची वर्तमानपत्रं चालतात, हेही लपवत नाही. म्हणून नुसतं चित्र बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत, मिस्त्रींसारखं विचारायचं.

तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे.

एक, गावातल्या कुठल्याही सार्वजनिक कामाची कुदळ पडण्याआधी त्याचं त्रिमिती चित्र ग्रामसभेत, मराठीत समजावून दाखवावं. नुसती समोरची शोभा नको. आजूबाजूचा रस्ता, नाली, झाडं आणि जमिनीखालचा पाया, सगळं दिसलं पाहिजे.

दोन, त्या वेळी चार गोष्टी विचारायच्याच. पाया कशावर आहे? पावसाचं पाणी कुठं जाणार? मे महिन्यात चार वाजता ऊन कुठं येतं? आणि ज्याला चालता येत नाही तो आत कसा जाणार? हे विचारायला कुठलीही डिग्री लागत नाही.

तीन, आर्किटेक्चर कॉलेजांना ग्रामपंचायतीनं पत्र लिहावं. पोरांना दरवर्षी मापायला घरं लागतात, आपल्याला घरकुलं बांधायची असतात. पोरांची राहायची सोय करू, भाकरी आपल्या घरची. बदल्यात ज्यांची घरकुलं मंजूर आहेत त्यांच्यासोबत त्यांनी दोन दिवस बसावं. सोबत गावातला मिस्त्री हवाच.

हे काही जगावेगळं नाही. बाळकृष्ण दोशी नावाचे मोठे आर्किटेक्ट होऊन गेले. जन्म पुण्यात, शिक्षण मुंबईच्या जे. जे.त. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, त्यांच्या क्षेत्रातला जगातला सर्वांत मोठा. त्यांनी इंदूरला अरण्य नावाची गरिबांची वसाहत आखली. अनेकांना प्लॉट, जोतं आणि शौचालय-पाण्याची सोय दिली, पुढचं घर लोकांनी ऐपतीप्रमाणं वाढवायचं. आपल्याकडंही घर असंच वाढतं. आज एक खोली, पोराच्या लग्नाला दुसरी, सोयाबीन साधलं तर वर जिना. चुलतभावाच्या घरकुलाच्या मॉडेलमध्ये पोरांनी पुढची खोली ठिपक्यांच्या रेघेनं दाखवली आहे, आणि तिचा भार धरून कोपऱ्यातला खड्डा आताच मोठा घेतला आहे.

पॅरिसचं नोत्र दाम चर्च २०१९ ला जळालं. ते परत उभं करताना आधी केलेलं लेसरचं मोजमाप कामी आलं आणि २०२४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. आमचं धाब्याचं घर कुणी परत उभं करणार नाही. पण गेल्या महिन्यात चुलतभावाचे तीन खण पाडले तेव्हा आई सकाळपासून जेवली नव्हती. संध्याकाळी तिनं मला मोबाइल काढायला लावला. मी मॉडेल उघडून दिलं. तिनं बोटानं ते हळूहळू फिरवलं, पाडलेल्या बाजूची देवळी शोधली, आणि म्हणाली, "इथी मी दिवा लावत होतो." मग जेवली.

घरकुलाचं जोतं आता वर आलं आहे. खडूची रेघ त्याच्याखाली हातभर आहे. मिस्त्री दर आठवड्याला भाचीला फोटो पाठवायला लावतात आणि ती उलट प्रश्न विचारते. परवा तिनं विचारलं, "काका, न्हाणीचं पाणी कुठं सोडलं?" मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, "शिकली पोरगी."

नऊ फुटांचा रॅम्प अजून तसाच आहे. त्याची बातमी यावेळी मापासकट दिली आहे. छापून आली तर इथं टाकतो, नाही आली तरी टाकतो.

तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत झालेली एक सार्वजनिक इमारत आठवा आणि उद्या टेप घेऊन तिच्या रॅम्पची उंची आणि लांबी मोजा. जे माप येईल ते खाली लिहा. गावाचं नाव लिहा, माणसाचं नको. मापं पुरेशी जमली तर ती घेऊन आपण पुढं जाऊ.